आंब्याच्या फळीवरचा पदर

मास्तर,

तुमचा रंधा आज माळ्यावरून खाली काढला. पुढच्या आठवड्यात आम्ही रावेतला मुलीच्या शेजारी राहायला जातोय आणि बायकोने फर्मान काढलंय की जे वापरात नाही ते नव्या घरी न्यायचं नाही. तसं पाहिलं तर आधी मलाच इथे ठेवून जावं लागेल. रंध्याबरोबर ती फळीही निघाली, जुन्या धोतरात गुंडाळलेली. धोतर सोडलं आणि इतक्या वर्षांनी तुमच्याशी भांडावंसं वाटलं. तुम्ही समोर होतात तेव्हा माझी मान कधी वर झाली नाही. आता तुम्ही मध्येच तोडणार नाही, म्हणून सगळं बोलून घेतो.

चिंचवडच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात आणि शनिवारी आम्हा तिघाचौघांना घरी बोलावून लाकडात चित्र कोरायला लावायचात. फळीवर कोरायचं, वर उरलेल्या भागाला छापखान्याची काळी शाई लावायची, कागद पसरायचा आणि पितळी वाटीच्या बुडाने घासायचं. कागद उचलताना छातीत जे धडधडायचं, तसं पुढे पहिल्या पगाराच्या दिवशीही धडधडलं नाही. एका ठशाचे दहा छाप, अकरावा नाही, असा तुमचा नियम. दहावा झाला की फळी तुम्ही ठेवून घ्यायचात, आणि पुढच्या शनिवारी ती रंधा मारून कोरी करकरीत समोर यायची. रंध्याला आम्हाला हात लावू देत नव्हतात, बोटं जातील म्हणून. एकदा माझा एक बैल असा काही साधला होता की मी रडकुंडीला येऊन म्हणालो, एवढा राहू द्या. तुम्ही म्हणालात, "आवडता ठसा घरात राहिला ना, की माणूस त्याच्याकडेच बघत बसतो. मग नवं काही होत नाही." पुढच्या शनिवारी बैल नव्हता. मला वाटलं, मास्तर दुष्ट आहेत.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीला औषधाच्या कारखान्यात मी लागलो आणि त्याच वर्षी लग्न झालं. लोकांनी आहेरात भांडी दिली, तुम्ही दोन बोटं जाड आंब्याची फळी दिलीत. "महिन्याला एक ठसा. फळी झिजून पोस्टकार्डाएवढी पातळ झाली की दुसरी न्यायला ये." बोलायला काय जात होतं तुमचं? तुमची शाळा साडेदहाची, घरी बहीण ताट वाढून वाट बघत बसलेली, अख्खी ओसरी तुमच्या पसाऱ्याला आंदण. माझी एक खोली. त्यात स्वयंपाक, त्यातच पाहुणे, त्यातच दोरीवर वाळणारे कपडे, आणि त्या कपड्यांत माझे छाप टांगायचे. कधी सकाळची शिफ्ट, कधी दुपारची. अंगाला सवय होते न होते तोच ती बदलायची. शाई लावायला रूळ नव्हता, म्हणून हिच्या लाटण्याला सायकलची जुनी ट्यूब चढवली, तर तिने दोन दिवस अबोला धरला आणि भाकऱ्यांवर भागवलं. हे सगळं तुम्हाला सांगितलं की तुम्ही एवढंच विचारायचात, "फळी किती उरली?"

तरी पहिला ठसा मी केला. तो दिवस अजून जसाच्या तसा आहे. रविवार आहे, ही चुलीपुढे भाकरी थापतेय आणि मी उंबऱ्यात फळी मांडीवर घेऊन बसलोय. तिचं माहेर चाकणजवळच्या खेड्यातलं, बोलणं तिथलंच. मी म्हणतो, जरा हलू नकोस. ती म्हणते, "हलू नगं म्हंता, मग तव्यावरची भाकर काय तुमचा मास्तर उलटणार हाय का?" आणि हसते, आणि ते हसू तोंडावरून जायच्या आत मी पकडतो. असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी छाप काढला. मास्तर, ती होती! कपाळावरचा घाम, थापताना पुढे आलेला खांदा, ते दाबून धरलेलं हसू, सगळं त्या कागदावर उतरलं होतं. मी कागद तिच्यासमोर धरला. तिने पिठाचे हात पदराला पुसले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आवं, पन माझा पदर ह्या खांद्यावर कधी व्हता?"

फळीवर जे डावं, ते कागदावर उजवं होतं. हे तुम्ही पहिल्याच शनिवारी शिकवलं होतंत. मी तिच्या हसण्याच्या नादात जसं दिसलं तसं सरळ कोरून गेलो आणि पदर उजव्या खांद्यावर जाऊन बसला. शेजारचा हवालदार डोकावून म्हणाला, "काय वहिनी, गुजरातीण झालात की!" खोलीभर हशा. मीही हसलो, पण घास कडू झाला. तरी हट्टाने दहा छाप काढले.

पहिला छाप घेऊन सायकलने चिंचवडला आलो. तुम्ही तो खिडकीपाशी नेलात, चष्मा कपाळावर चढवलात. मी कौतुकाची वाट बघत उभा. "चेहरा झकास उतरलाय," तुम्ही म्हणालात, "आणि पदर भलत्याच खांद्यावर. चूक छोटी असती तर म्हटलं असतं असू दे. पण चेहरा एवढा चांगला आलाय की तू ही फळी जन्मभर सोडणार नाहीस. घरी जा आणि रंधा मार." मी कागदाची गुंडाळी केली. आकुर्डीपर्यंत उगाच सायकल हाणत गेलो आणि वाटभर तुम्हाला शिव्या दिल्या. ज्याने आयुष्यात कुणा बाईला भाकरी थापताना धड पाहिलं नाही, त्याने मला शिकवावं? रागात म्हणालो होतो हे. तरी वाईट म्हणालो.

रंधा मी मारला नाही. माझ्याकडे रंधा नाही, हे कारण काही दिवस पुरलं. खोकी ठोकणारा सुतार कारखान्यात होता, मी मागितला असता तर त्याने एका पायावर दिला असता. मी मागितला नाही. फळी भिंतीला टेकून उभी केली आणि जेवताना तिच्याकडे बघत बसू लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात. मी भेटायला आलो तेव्हा तुमच्या बहिणीने खूण केली, जास्त बोलायला लावू नका. बोललात तुम्हीच. "मारलास रंधा?" तुमचा तो चेहरा बघून खरं बोलवेना. म्हटलं, "हो मास्तर. सुताराचा रंधा आणून स्वतःच मारला."

"छिलके कसे निघाले?"

"पांढरेशुभ्र. कुरळे."

"पहिल्या हातापासून?"

"पहिल्या हातापासून," मी म्हणालो.

तुम्ही आढ्याकडे पाहिलंत. मग बहिणीला खाटेखालून रंधा काढायला लावलात. "हा घेऊन जा. मला आता पेलवत नाही. तुला लागेल." मी तो घेतला. खोटं बोलून बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं, आणि लाजेपेक्षा सुटल्याचाच आनंद जास्त झाला. पंधरा दिवसांत तुम्ही गेलात.

त्यानंतर मी एकही ठसा केला नाही, हे आज सरळ लिहितो. लोकांना सांगत आलो की शिफ्ट होती, ओव्हरटाइम होता, पोरांच्या शाळा होत्या, जागा नव्हती. जागा झाली, मुलं मार्गी लागली, मी रिटायर झालो, तरी टेप तीच. परवा जावयासमोर तीच सुरू केली तर ही आतून म्हणाली, "येळ नव्हता म्हणू नगा. रविवारी पत्ते कुटायला बरा मिळायचा येळ." मला इतका राग आला की जेवलो नाही. राग तिचा नव्हता. चाळीस वर्षं मी एका चुकलेल्या पदराकडे बघत बसलो, आणि तसा बसणार हे तुम्ही खिडकीपाशी उभ्या उभ्या सांगितलं होतंत.

आज दुपारी ही मुलीकडे गेली तेव्हा फळी पाटावर टेकवली आणि तुमचा रंधा हातात घेतला. पातं गंजलं होतं, ते घासून लावलं. वरच्या कोपऱ्यावर, जिथे चित्रात नुसती भिंत आहे, तिथे एक हात मारला. छिलका निघाला तो काळा. पुन्हा मारला, तोही काळाच. दहा छापांची शाई लाकडात मुरलेली, पहिला छिलका काळा निघणारच. साधी गोष्ट. ज्याने एकदा रंधा मारलाय त्याला ती माहीत असते, आणि मी कधी मारलाच नव्हता. मी पांढरेशुभ्र म्हणालो त्याच क्षणी तुम्हाला कळलं होतं. म्हणूनच दुसऱ्यांदा विचारलंत, मला शब्द मागे घ्यायला जागा दिलीत. मी घेतली नाही. तरीही तुम्ही रंधा मलाच दिलात.

मी जमिनीवर बसून बराच वेळ रडलो, या वयात.

हे पत्र कुठे पाठवणार? फळीबरोबर धोतरात गुंडाळून ठेवतो. संध्याकाळी ही आली, तिने कोपऱ्यावरचं कोरं लाकूड पाहिलं, खाली पडलेले काळे छिलके पाहिले आणि विचारलं, "मंग? थांबलात का?" मी म्हणालो, हात भरून आला. हात भरून आला नव्हता, मास्तर. पुढे तिचा खांदा होता.