दोन इंचांची धास्ती

ओतूर, शुक्रवार, २० मार्च

शिवणकाम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, तरी पंचवीस वर्षांत माझी एक बाही चुकली नाही. आणि आज असं व्हावं.

माझी सात वर्षांची पोर स्वरा दिवाळीत सत्तेचाळीस इंच होती. रविवारी माझ्या टेपवर पन्नास भरली. त्यात कपाळावर पुटकुळ्या. मुली हल्ली लवकर वयात येतात, हे मोबाईलवर वाचलेलं. बायको म्हणाली, "तिला अजून वेणी घालता येत नाय. पाळी आली तर कसं करायचं वो?" चार दिवस जेवण गोड लागेना.

आज आळेफाट्याला डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. पुटकुळ्या डोक्याच्या तेलाच्या निघाल्या. उंची अठ्ठेचाळीस. मी म्हणालो, "मॅडम, भिंतीवरची पट्टी चुकीची लावलीय तुमची." त्यांनी माझ्या गळ्यातला टेप मागितला.

"भाऊ, हा तर दोनापासून सुरू होतोय."

फाटलेलं टोक संक्रांतीला मीच कापलं होतं. गिऱ्हाइकाच्या मापातून दोन वजा करायला एकदाही विसरलो नाही. एकदाही नाही. पोरीचे पन्नास बघून मात्र वजाबाकी सुचलीच नाही.

"दिवाळीपासून एक इंच ठीक आहे, सहा महिन्यांनी परत आणा," म्हणाल्या. बायको गाडीवर ओतूरपर्यंत हसत होती. स्वरा रुसली. वर्गात तिने पन्नास सांगून ठेवलंय.

नवा टेप घेतला. जुनाही ठेवलाय. रुसवा जाईपर्यंत तिला जुन्यानेच मोजीन.