नखाएवढा पैसा

नायगाव, एप्रिल १९५७, रविवार संध्याकाळ

अजून हसू येतंय. खानावळीच्या मावशींनी माझे या महिन्यातच निघालेले पंचवीस नये पैसे परत सरकवले. "ही खेळणी नकोत रे! चार आण्यांची पावली काढ, तरच सुरमई."

नखाएवढा पैसा, पण काय चकाकतो! आणि माझ्याकडे जुनं नाणं नव्हतंच. रविवारची सुरमई हातची जाणार?

गिरणीत लावलेला आणे-नये पैशांचा तक्ता आठवला. पंक्तीतल्या सगळ्यांचे नये पैसे मागून पंचविसाचे चार ढीग लावले. "मावशी, चार पावल्यांचा रुपया ना? हाही रुपयाच. फक्त मोड बदलली."

मावशींनी एक पैसा देवापुढे ठेवला. "जेव, मास्तर!"

चौथी नापास मी, मास्तर? आईला कळवायलाच हवं. पत्रात असाच एक नखाएवढा पैसाही घालतो.