आतली चिठ्ठी

१४ जुलै, दुपार

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. पत्रातला नमस्कार बरा, गुडघे टेकावे लागत नाहीत.

इकडे सगळं ठीक. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का? तोवर पेपर आणि पत्रं आईच वाचून दाखवत असणार. तिची सवय मला माहीत आहे. अडचणीची ओळ आली की ती चष्मा पुसते आणि सरळ पुढच्या ओळीवर जाते. आई, आज चष्मा आधीच पुसून घे.

तुमचं पत्र मिळालं. 'बैठकीच्या दिवशी रजा टाक. माझ्याविरुद्ध मत दिलंस तर या घराची पायरी चढू नकोस.' अक्षर आईचं, हुकूम तुमचा.

रजा टाकली नाही. आज अकराला बैठक झाली. शरीररचनेच्या नव्या पुस्तिकेत अवयवांना माणसांची नावं ठेवायची की नुसती वर्णनाची, एवढाच विषय. परक्या लोकांची नावं पंधरा मिनिटांत निकालात निघाली, कुणालाच त्यांचा पुळका नव्हता. गाडी अडली ती तुमच्या नावापाशी. गुडघ्यामागची ती बोटभर पट्टी, जिला पुस्तकात तुमचं आडनाव आहे आणि आमचं अख्खं मेडिकल कॉलेज पस्तीस वर्षं 'सरांची पट्टी' म्हणतं. दोन मतं इकडे, दोन तिकडे. पाचवं माझं.

नाव काढायच्या बाजूनं मी हात वर केला.

आता ओरडा. ओरडून झालं की पुढचं ऐका.

तुम्ही म्हणता, मुलं माझं नाव घेऊन पास झाली. झाली खरी. पण 'सरांची पट्टी दाखव' म्हटलं की निम्मी मुलं कोपर चाचपतात. नावात तुम्ही आहात, गुडघा कुठेच नाही. पडजीभ म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा आ करून दाखवतं. बेंबी शोधली म्हणून कुणाचा सत्कार झाला नाही, त्यावाचून बेंबीचं काही अडलं नाही.

पण एवढ्यासाठी मी तुमच्याशी उभा दावा मांडला नसता. कारण निराळंच आहे आणि मी मघापासून त्याच्याभोवती घुटमळते आहे.

मे महिन्यात विभागातल्या नमुन्यांच्या बरण्यांमधलं द्रावण बदलायला काढलं. तुमच्या पट्टीची बरणी मी स्वतः उघडली. बाहेर काचेवर तुमच्या नावाची छापील चिठ्ठी. आत, गुडघ्याला काळ्या दोऱ्यानं बांधलेली दुसरी. जुनी रीत तुम्हाला ठाऊक आहे, आतली चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची. शाई विरघळते, पेन्सिल टिकते. 'गुडघ्यामागची तिरकी पट्टी. बाहेरून आत चढती.' खाली तारीख. तुमच्या लग्नाच्या वर्षभर आधीची. तेव्हा तुम्ही या कॉलेजात पाऊलही टाकलं नव्हतं, आणि आई इथे प्रात्यक्षिकं घेत होती. अक्षर तेच, ज्यात परवा मला तुमचा हुकूम आला.

तुमच्या लेखातले चाळीसच्या चाळीस गुडघे तिनं चिरून सोडवले, बाबा. तुमच्या लेखाच्या शेवटी तिच्या वाट्याला एक ओळ आली, 'आकृत्या काढून दिल्याबद्दल पत्नीचे आभार.'

मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ही पट्टी कुणी शोधली?" मी छाती फुगवून म्हटलं, "माझ्या बाबांनी." पैकीच्या पैकी गुण! घरी येऊन सांगितलं तेव्हा आई बटण शिवत होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "हो का? छान." त्या 'छान'मध्ये काहीतरी अडकलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं नाही. सरांची मुलगी असण्याचे फायदे होते आणि ते मला हवे होते. मला त्याची लाज वाटते. तुम्हाला वाटते की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

मतदान झाल्यावर मी ती चिठ्ठी टेबलावर ठेवली. अक्षर कुणाचं तेही सांगितलं. मग विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "अहो, मग तुमच्या आईंचंच नाव देऊ या की!" मी नको म्हटलं. आईनं पट्टीला नाव दिलं होतं, स्वतःचं चिकटवलं नव्हतं. तिनं दिलेलंच नाव पुस्तिकेत छापलं जाईल. ते वाचून कुठल्याही मुलाला पट्टी सापडेल. चिठ्ठी पुन्हा बरणीत, होती तिथे बांधली. बाहेरची मात्र कोमट पाण्यानं सोडवली, फाटू दिली नाही. सोबत परत पाठवते आहे.

रविवारी मी येतेय आणि पायरी चढणार आहे. दार लावून घेतलंत तर माझ्याकडे किल्ली आहे. त्या दिवशी चहा तुम्ही करायचा, मोतीबिंदूची सबब चालणार नाही.

आई, आता चष्म्याला हात लावू नकोस. आजवर याच्या-त्याच्या ओळी वाचल्यास, लिहिल्यास. ही एक तुझी आहे. बाबांना नीट ऐकू जाईल अशी, मोठ्यानं वाच:

ती पट्टी मी शोधली.

तुम्हा दोघांची,
थोरली