मांडणीवरच्या उंच टाचा

५ मे, दुपारी

आजपासून रोजनिशी. नातीने फोन असा लावून दिलाय की मी बोलायचं आणि त्याने लिहायचं. तारीखसुद्धा तोच घालतो. मला अक्षर वाचता येत नाही, म्हणजे माझी गुपितं माझ्यापासूनही सुरक्षित.

फोनला माझं काम माहीत नसेल, म्हणून सांगून ठेवते. नाचघरांच्या रस्त्यावर माझा गाळा आहे. उंच टाचांच्या हिल्स घालून नाचलं की पोरींचे पाय सुजतात. मग हिल्स माझ्याकडे अनामत ठेवायच्या, माझ्या मऊ सपाट चपला घालून घरी जायचं. पुढच्या खेपेला चपला द्या, हिल्स न्या. चिठ्ठी नाही, नाव नाही. मी पाय बघून ओळखते. चेहऱ्याला रंगरंगोटी करता येते, पाऊल काही खोटं बोलत नाही.

मुलगा म्हणाला, आई, महिनाअखेर गाळा सोडायचाय. मी म्हटलं, आधी मांडणी बघ. वरपासून खालपर्यंत हिल्सच हिल्स. एवढ्या बायका आपल्या चांगल्या वस्तू टाकून जातील होय? गिऱ्हाईक आहे. जरा उशीर करतंय, इतकंच.

संकल्प: शनिवारच्या गर्दीसाठी सगळ्या चपला धुऊन ठेवणे.

१० मे, रविवार सकाळ

काल गर्दी नव्हती. हवाच तशी होती, दमट.

एक बाई आली. मी लगेच तिच्या मापाची चप्पल काढली. तिला दातांचा दवाखाना हवा होता. सगळ्यात मोठ्या नाचघरात आता दात उपटतात. दार तेच, सोनेरी मुठीचं. पूर्वी त्यातून लोक हसत बाहेर पडायचे, आता गाल धरून. पण पडतात ना बाहेर? पायरव आहे ना?

मी आले तेव्हा इथे नुसती गोदामं होती. मग कुणी तरी एका गोदामात बाजा वाजवला आणि अख्खं शहर लोटलं. रस्ता कधी मरत नाही. कूस बदलतो आणि पडून राहतो. आमचा जरा जास्तच पडून राहिलाय.

१४ मे

नात म्हणते, आजी, आता सगळे पुलापलीकडे जातात. मी म्हटलं, जाऊ देत, येतील परत. ती हसली. मी हेच धाकटीलाही सांगितलं होतं.

धाकटी म्हणजे माझी लेक. रोज रात्री आधी ह्या रस्त्यावर नाचायची, मग माझ्याबरोबर गाळ्यात बसायची. एके दिवशी म्हणाली, आई, हा रस्ता संपला, आपण गाळा पुलापलीकडे नेऊ. गिऱ्हाइकांसमोर! मीही गिऱ्हाइकांसमोरच म्हटलं, रस्ता नाही संपला, तुझा दम संपला, तू जा खुशाल. तर गेली. नाचून आली होती, म्हणून लाल हिल्स मांडणीवर ठेवल्या आणि दुकानाच्या निळ्या चपला घालून गेली. तेव्हापासून तिचा फोन नाही. मीही केला नाही. मोठं कोण आहे?

पण कायमचं जाणारं माणूस हिल्स ठेवून जातं का? तिला यायचंच आहे. रस्ता एकदा चालू लागला, की माझं खरं ठरेल आणि ती येईल. आणि गाळाच नसला, तर येईल कुठे? मुलाला एवढंही कळत नाही.

संकल्प: लाल हिल्स सगळ्यात पुढे, दिव्याखाली.

१७ मे, रविवार

काल शक्कल लढवली. शेवटच्या नाचघराच्या दरवानाला सगळे उंट म्हणतात, मानेमुळे. त्याला सांगितलं, दाराबाहेर दोर बांध, रांग दिसली की लोक आपोआप लागतात. तो म्हणाला, आजी, रांगेला माणसं लागतात. मग मीच उभी राहिले. पहिला नंबर. आयुष्यात कधी नव्हता.

एक जोडपं माझ्यामागे लागलं! मी उंटाला डोळा मारला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, बस इथेच थांबते ना?

दोर सोडताना उंट म्हणाला, आमचंही दार ह्या महिन्यात बंद, मी पुलापलीकडे नोकरी धरलीय. मेला. मान लांब असणाऱ्याला दूरचं आधी दिसतं वाटतं.

२४ मे

नातीला घेऊन पूल ओलांडला. फक्त धंद्याची पाहणी.

पोरी कॅनव्हासच्या बुटांत नाचतात! सपाट. आणि नाचून झालं की तेच बूट घालून टणाटण घरी. कुणाचे पाय दुखतच नाहीत. पाय दुखेपर्यंत नाचायचं नसेल, तर बाहेर पडायचं तरी कशाला?

नात हळूच म्हणाली, आत्याला शोधतेयस ना? मी म्हटलं, छे गं, पाय बघतेय. धाकटीची डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. लाखात ओळखेन. पण सगळी पावलं बुटांत. ओळखायचं कसं?

परत येताना पूल फार लांब वाटला. बांधणाऱ्यांनी काही तरी चूक केलीय.

३० मे

मुलगा आणि सून खोकी घेऊन आले. सून म्हणाली, ह्या हिल्स कुणाला तरी देऊन टाकू. मी म्हटलं, हात लावायचा नाही, लोकांची अनामत आहे. मुलगा स्टुलावर बसला. आई, म्हणाला, त्यांना तुझ्या चपलाच बऱ्या वाटल्या गं. त्या हिल्स घ्यायला कुणी येणार नाही.

तुला धंदा कळत नाही, मी म्हटलं.

तो स्टुलावरच बसून राहिला. लहानपणी हट्ट हरला की असाच बसायचा. पण आज हट्ट माझा होता.

३१ मे

सकाळी चावी द्यायला गेलो, तर शटरच्या कडीला पिशवी. आत निळ्या चपला. धुतलेल्या, नवा तळ लावलेल्या. डावीवर करंगळीचा खळगा.

दवाखान्याची झाडणारी म्हणाली, उजाडताच एक बाई आली होती, पायात कॅनव्हासचे बूट. पिशवी अडकवली, शटरला हात लावून उभी राहिली, गेली. मी विचारलं, लाल हिल्सचं काही बोलली? नाही म्हणाली.

चपला आल्या. हिल्स नेल्या नाहीत.

सून म्हणाली, तुम्ही कधी असता हे त्यांना ठाऊक नसेल. मी म्हटलं, हो, तसंच असेल.

तिला ठाऊक आहे. माझ्या मांडीवर बसून शिकलीय ती, की आपलं शटर दिवे लागल्यावर उघडतं. सकाळी तिथे कुणी नसतं.

मुलाने चावी मालकाच्या हातात दिली. बाकीची खोकी टेम्पोत गेली. लाल हिल्स आणि निळ्या चपला एकाच पिशवीत घालून मी घरी आणल्या.

संकल्प: उद्यापासून गाळा सकाळी उघडणे.