वरचं खाली जात नाही

सोमवार, १६ ऑक्टोबर

ब्रागेही आत गेला. उन्हाळ्यापासून हा तिसरा! तिघांचीही तीच कहाणी — माझ्या खोलीत येऊन कबूल केलं की पुन्हा घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी खालून फोन: "नमुना द्यायला ये. आत्ता." ठरलेल्या वारी नाही, अचानक. लघवीत सापडलं. न्यायाधीशांपुढे उभं केलं. नशेपासून दूर राहायच्या अटीवर बाजूला ठेवलेली तुरुंगाची शिक्षा लागू झाली. एकदा घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं.

मी या मुलांना शिक्षा देत नाही, सोडवतही नाही. नशेतून माणूस बाहेर कसा येतो, कुठे घसरतो, पुन्हा कसा उभा राहतो, एवढंच विद्यापीठाच्या अभ्यासासाठी विचारते आणि लिहून ठेवते. पहिल्या भेटीत प्रत्येकाला शब्द देते — वरचं खाली जात नाही. खाली हाल्वोर आणि त्याची देखरेखीची माणसं, वर मी आणि सीव. मधे एक जिना. त्या जिन्यावरून माझ्या खोलीतलं कोणीतरी खाली नेतंय. कुठेतरी पाणी मुरतंय!

मंगळवार, १७ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. माझ्या मुलाखती दोघीच ऐकतात. मी आणि सीव. मी ध्वनिमुद्रण करते, ती कानाला लावून टाइप करते. सहा वर्षं एका खोलीत बसतोय. तिच्या मुलीच्या लग्नात मी भाषण केलंय. पण सीवला पोटात काही ठेवता येत नाही हेही खरं. नाताळच्या भेटवस्तू ती नोव्हेंबरातच सांगून टाकते.

आज तिला म्हटलं, यंत्र बिघडलंय, थोडे दिवस टाइप करायला काही नाही. "बरं," म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

शुक्रवार म्हणजे वॉफल. खालच्या स्वयंपाकघरात सगळी इमारत जमते. मी मुद्दाम उशिरा गेले आणि दारातच थांबले. सीव साच्यात पीठ ओतत होती, हाल्वोर शेजारी उभा राहून तपकिरी चीज किसत होता. दोघं हसत होते. मी आत आल्यावर थांबले.

"काय गं इंगुन, चेहरा का असा?" — सीव.

"कसा?"

"कर भरायचा राहिल्यासारखा."

हाल्वोर परत हसला. त्याचं हसणं मला पूर्वी आवडायचं. तो वाईट माणूस नाही, हेच तर अडचणीचं आहे. ब्रागेला आत नेलं त्या दिवशी दुपारभर तो कोणाशी बोलला नव्हता म्हणे. म्हणजे त्यालाही टोचतंय काहीतरी. मी वॉफल खाल्लं नाही. जॅम संपला होता, हे कारण सांगितलं. जॅम समोर होता.

सोमवार, २३ ऑक्टोबर

ध्वनिमुद्रणं ठेवते त्या कपाटाच्या दाराला लाल दोरा लावलाय. कोणी उघडलं तर तुटेल. वयाच्या बावन्नाव्या वर्षी ही वेळ आली!

मंगळवार, २४ ऑक्टोबर

दोरा तुटलेला! सीवकडे बघितलं — ती शांतपणे डब्यातला पाव खात होती. इतकं शांत कोण खातं?

दुपारी आठवलं. सकाळी नवीन बॅटऱ्या हव्या होत्या, तेव्हा मीच उघडलं होतं.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

आज विल्देची मुलाखत होती. ही माझी लाडकी. असं असू नये, पण आहे. एकोणीस वर्षांची, तोंडानं फटकळ, हात मात्र सोन्याचे — बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात जोडकाम शिकते. नशेची पूड विकताना सापडली होती, स्वतःही घ्यायची. वसंत ऋतूपासून हात लावलेला नाही. कारखान्याचा मालक म्हणतो, नाताळपर्यंत अशीच राहिली तर कायमची ठेवून घेतो. आणि सापडली तर ब्रागेच्या मागोमाग आत. ब्रागे तिचा मित्र. शाळेपासूनचा.

आज बसल्याबसल्याच म्हणाली, "तुझं ते यंत्र बंद कर."

बंद केलं.

"ब्रागेनं तुला सांगितलं होतं ना? पकडलं त्याच्या आदल्या दिवशी?"

"त्यानं काय सांगितलं ते मी तुला सांगू शकत नाही."

"वा. मला नाही सांगू शकत." माझ्याकडे असं बघत राहिली की मलाच चोरट्यासारखं झालं. "मग कोणाला सांगतेस?"

मी म्हटलं, कोणालाही नाही. वरचं खाली जात नाही. तिनं खांदे उडवले. मुलांना माझाच संशय येतोय आणि त्यांना चूक म्हणायला माझ्याकडे काही नाही. जो कोणी हे करतोय, तो मला सापडलाच पाहिजे.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

वॉफलला गेले नाही.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

वाईट दिवस. विल्दे न ठरवता आली. कोट न काढताच खुर्चीच्या टोकावर बसली. "घेतलं," म्हणाली. "शनिवारी. थोडंच. पार्टीत."

मला रडू येईल असं वाटलं. वसंतापासूनचं सगळं! पण माझं काम रडायचं नाही. विचारलं, कोण होतं बरोबर, आधी काय झालं होतं, नंतर कसं वाटलं. एका शब्दाची उत्तरं. माझ्याकडे बघेना, खिडकीकडे बघत होती. असं झालं की मी मुलांना बाहेर काढते. चार भिंतींत, समोरासमोर, लाजेचं बोलणं निघत नाही. शेजारी शेजारी चालताना निघतं. माझी आईही सगळ्या दुखण्यांवर हेच औषध द्यायची — कोट चढव आणि चालायला लाग.

नदीच्या काठानं जुन्या पुलापर्यंत गेलो. चारलाच अंधारून आलं होतं. ती खिशात हात घालून चालत होती. एकदाच म्हणाली, "तुला राग आला?" मी म्हटलं, नाही, भीती वाटली. यावर ती थबकली. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग "चल, पाय गारठले," एवढंच.

यंत्र चालू केलंच नव्हतं. काही लिहिलंही नाही. ही गोष्ट आता फक्त दोन डोक्यांत आहे — तिच्या आणि माझ्या. बघूया आता कोण खाली नेतं ते!

बुधवार, १ नोव्हेंबर

सकाळी नऊला विल्देला फोन. नमुना. आत्ता.

ध्वनिमुद्रण नाही, कागद नाही, सीव काल सुट्टीवर होती. मग कसं? दार लावून खोलीभर शोधलं. टेबलाखाली, दिव्यात, कुंडीत. गुडघ्यांवर बसून हीटरच्या मागे हात घातला तेवढ्यात सीव आत आली.

"काय हरवलं गं?"

"कानातलं."

"तू कानातलं घालत नाहीस, इंगुन."

गुरुवार, २ नोव्हेंबर

म्हणजे हाल्वोर. दुसरं कोणी उरलंच नाही. कसं करतो ते माहीत नाही, पण तोच. उद्या सगळ्यांसमोर विचारणार.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

हे नीट लिहिलं पाहिजे. जसं झालं तसं.

सगळ्यांसमोर नाही विचारलं, धीर झाला नाही. इतर जण बश्या घेऊन बाहेर गेले तेव्हा तो साचा पुसत होता. मी दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "विल्देला बुधवारी का बोलावलंस?"

"तसंच. नियमात बसतं."

"हाल्वोर. सहा वर्षं ओळखते तुला. माझ्या खोलीतलं तुला कोण सांगतं?"

तो गोंधळला. खरंच गोंधळला, नाटक नव्हतं ते. फडकं खाली ठेवलं. "कोण म्हणजे? तूच की."

"मी?"

"अगं, म्हणजे तोंडानं नाही. तोंडानं तू कधीच काही बोलत नाहीस, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझं टेबल खिडकीशी आहे ना. ज्याचं ठीक चाललंय त्याच्याशी तू वर बसून बोलतेस. ज्याचं बिनसलंय त्याला घेऊन पुलाकडे जातेस. तू कोट घालून कोणाला घेऊन निघालीस की आम्ही समजतो."

"आम्ही?"

"सगळेच. आम्हाला वाटलं, हे आपलं ठरलेलं आहे. न बोलता. तुझा शब्दही मोडत नाही आणि आम्हालाही वेळेत कळतं. मी तर वरिष्ठांना सांगितलंसुद्धा, इंगुन फार समंजसपणे करते सगळं."

कौतुक करत होता माझं! आम्ही इथली माणसं अशीच. शेजाऱ्याचं घर जळत असलं तरी खिडकीतून बघून त्याच्या मनातलं ओळखू, पण दार वाजवून विचारणार नाही. सहा वर्षांत एकदा तरी त्यानं विचारायचं. एकदा तरी मी खालून त्या खिडकीकडे बघायचं.

ब्रागेला मी सप्टेंबरात पुलाकडे नेलं होतं. बदकांना पाव घालत होता. म्हणाला होता, बाहेर बरं वाटतं.

मी त्याला आत पाठवलं. दुसऱ्या कोणी नाही, मी.

मग हाल्वोर म्हणाला, "आणि विल्देची काळजी करू नकोस. नमुना अगदी स्वच्छ आला."

शनिवार, ४ नोव्हेंबर

स्वच्छ! सकाळपासून हाच शब्द डोक्यात घुमतोय. शनिवारी घेतलेलं बुधवारी सापडतंच असं नाही, पण हाल्वोर म्हणतो की त्यांची तपासणी बारीक आहे, थोडं तरी दिसलं असतं. नमुना बदलायची सोय नाही, बाई अधिकारी शेजारी उभी असते.

मग ती माझ्याशी खोटं बोलली? घेतलं असताना नाही म्हणणारे शेकड्यानं बघितले. न घेता घेतलं म्हणणारी पहिलीच. कशासाठी? मनात पाल चुकचुकतेय, पण तिकडे बघायची हिंमत होत नाही.

सोमवार, ६ नोव्हेंबर

आधी सीवला सगळं सांगितलं. दोऱ्याचंही.

"म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं."

"नाही."

"मला वाटलं तुझी तब्येत बरी नाही. मी घरी रोज तुझी काळजी करत होते, आणि तू माझ्यावर दोरे बांधत होतीस?" उठली, कॉफी आणली. एकच कप. स्वतःसाठी.

मग तिला विचारलं, फिरायला नेण्याचं तुला माहीत होतं का. ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत आहे."

हाल्वोरला लेखी कळवलंय, विद्यापीठालाही. माझं चालणं म्हणजे निरोप नव्हता, आणि त्यावरून बोलावलेल्या तिन्ही मुलांची प्रकरणं पुन्हा उघडावीत. हाल्वोर दारात येऊन म्हणाला, "सापडलं ते त्यांच्या अंगात होतंच ना, इंगुन." होतंच. पण ते त्यांनी विश्वासानं मला सांगितलं होतं. ब्रागेला भेटायची परवानगी मागितली. ब्रागेनंच नकार कळवलाय.

विल्दे उद्याच्या भेटीला येणार आहे. तिला सगळं सांगणार. माफी मागणार. काही लपवणार नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

आली नाही. कारखान्यात फोन केला. तिथेही नाही.

बुधवार, ८ नोव्हेंबर

सकाळी आठ वाजता विल्दे इमारतीच्या दाराशी बसली होती. ओठ फुटलेले, डोळे लाल. मी बोलायच्या आधी तीच बोलली.

"त्या मंगळवारी घेतलं नव्हतं. ब्रागेनं आतून सांगितलं होतं, तिला काहीतरी खोटंच सांग आणि बघ. बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन."

"विल्दे —"

"मला तो खोटा ठरायला हवा होता. सगळ्यांशी भांडले मी तुझ्यासाठी." हातानं नाक पुसलं. "काल रात्री घेतलं. हे खरं आहे."

मी विचारलं, मग माझ्याकडे का आलीस?

म्हणाली, "दुसऱ्या कोणाला सांगू?"