मतापुरते गाव

धुळे, ७ एप्रिल २०२५

ती. अभिमनभाऊंस,
धाकट्या पुष्पाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की रडू येते, म्हणून लिहिते. नाल्याकाठची आमची झोपडी गेल्या महिन्यात पाडली. हे गेल्यावर दोन वर्षे मी तिथेच काढली होती. आता बेघरांच्या निवाऱ्यात आहे. खाट मिळाली आहे, जेवणही बरे असते.

घरकुलाच्या कचेरीत गेले होते. साहेबांनी मतदार कार्ड पाहिले आणि म्हणाले, बाई, तुम्ही पारोळा तालुक्यातल्या, तुमचे घर तुमच्या गावाने द्यायचे. बावीस वर्षे धुळ्यात धुणीभांडी केली म्हटले, तर कागद मागितला. झोपडीला साधे वीजमीटर नव्हते, कागद कुठला आणू?

मतदार यादीतले नाव इकडे आणू म्हणून हे किती मागे लागले होते. तुम्हीच राहू दे म्हणालात. दर निवडणुकीला तुम्ही गाडी पाठवायचात, वहिनी मांडे करायच्या, आणि मी मोठ्या तोऱ्यात तुमच्या चिन्हावर बटण दाबून यायची. माहेरी लेकीला मान आहे, असे वाटायचे मला. भाऊ, तुम्ही सरपंच आहात. एक मेच्या ग्रामसभेत माझे नाव घ्याल ना?

तुमची,
पुष्पा


धामणखेडे, ता. पारोळा, २ मे २०२५

चि. पुष्पास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. तुझे नाव इथे ठेवले ते माझ्या मतासाठी, तुझ्या मानासाठी नव्हे. हे लिहिताना लाज वाटते.

काल सभेत तुझे नाव घेतले. लगेच विरोधी गटाचा पुना उठला आणि त्याने जुना ठराव वाचून दाखवला, की सलग तीन वर्षे गावात राहील त्यालाच घरकुल. ठराव माझाच. गावाबाहेर ताडपत्रीखाली राहणारी बेबाबाई सहा महिने ऊसतोडीला जाते, म्हणून याच ठरावाने मी तिचे नाव कापले होते. ती माझ्या बाजूची नव्हती, हेही खरे.

मी मान खाली घालून उभा होतो. तेवढ्यात बायांमधून बेबाबाईच उठली. म्हणाली, "मत देवाले ती गावनी शे, मंग घर देवाले कसी नही?" मत द्यायला गावची, मग घर द्यायला परकी कशी, हा तिचा सवाल सभेला पटला. मग हात वर झाले. तुझ्यापुरता ठराव शिथिल केला आहे. आधार कार्ड घेऊन सहीला लवकर ये. तुझी वहिनी वाट पाहते आहे.

तुझा,
अभिमनभाऊ


धुळे, ९ मे २०२५

ती. भाऊंस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचले. आनंद झाला, खोटे कशाला बोलू. तुमच्यावर राग धरून होते, तोही गेला.

पण बेबाबाईचे पुढे काय झाले, ते तुम्ही लिहिलेच नाही. ठराव माझ्या एकटीपुरता सैल केलात. ती माझ्यासाठी बोलली, आणि सभा उठल्यावर आपल्या फाटक्या ताडपत्रीखाली परत गेली. हे कोणाच्याच लक्षात आले नाही का? सरपंचाची बहीण म्हणून मिळालेल्या घरात मला झोप लागायची नाही.

मी सहीला येईन. आधी तिचे नाव लिहा, त्याखाली माझे. तोवर ही खाट मला पुरे आहे. वहिनींना नमस्कार.

माझ्यावर तुमचा लोभ आहेच, तो तिच्यावरही असावा.

तुमची,
पुष्पा