बाबांचं बाकडं आणि विषय क्रमांक अकरा

आदरणीय पारूअक्कास,
नागसेनचा सविनय जयभीम.

विष्णुपुरीला सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. तुझे नवे गुडघे काय म्हणतात? दाजींची शुगर आटोक्यात आहे ना? (त्यांना हे पत्र वाचून दाखवू नकोस. फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि मागून दाजी हसतात.) आम्ही ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर गेल्या गुरुवारपासून तीन दिवस मी आणि तुझी भावजय लुंबिनी स्वतःच्याच घरात अडकून होतो, आणि त्याला जबाबदार मीच आहे.

आपण दोघांनी बाबांच्या स्मरणार्थ घरासमोर सिमेंटचं बाकडं बसवलं, पाठीवर ‘कालकथित साहेबराव सोनकांबळे’ असं नाव घातलं, तेव्हा तू किती रडली होतीस. बाकडं बसलं आणि अख्खी गल्ली त्यावर बसली. सकाळी सहाला लालमहंमदचाचा येतात (बाबांचे दोस्त, ते शिंपी; आता शिवत नाहीत, फक्त बोलतात). ते मोठ्यानं पेपर वाचतात, मग त्यावर चर्चा, मग गुटखा, मग बाबांच्या नावाला टेकून पिचकाऱ्या. माझा दुपारचा डोळा लागेना. एकदा चाचांना गोडीत सांगून पाहिलं, तर म्हणाले, “बाप तुमचा हाय मास्तर, पन बाकडं गल्लीचं हाय.” पस्तीस वर्षं वर्ग गप्प बसवलेला मी, त्यांच्यापुढे गप्प बसलो आणि घरात येऊन रागारागानं नगरपरिषदेला अर्ज लिहिला, की सदरहू बाकडे हटवावे. तोही तीन प्रतींत. अक्का, त्या दिवशी माझा हात कुणी बांधून ठेवला असता तर मी त्याचे पाय धरले असते.

इतकी वर्षं प्रशासक होता, तेव्हा तक्रार ऐकायला कोणी नव्हतं. आता नवे नगरसेवक निवडून आलेत आणि सगळ्यांना बोलायचं आहे. सर्वसाधारण सभेत माझा अर्ज विषय क्रमांक अकरा. नळ दहा दिवसांनी येतो, हा विषय पाच मिनिटांत संपला. बाकड्यावर दोन तास चालले. एक जण म्हणाले, वीस मिनिटांच्या वर कोणी बसू नये असा नियम करा. दुसरे म्हणाले, म्हाताऱ्यांना नुसतं टेकायलाच दहा मिनिटं लागतात. शेवटी आपल्या वॉर्डाच्या शिवगंगाताई उठल्या. “बसलेल्याला उठवायचं कुनी? तसा नियम हाय का?” नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं, तसा नियम नव्हता. तेवढा मुद्दा पुढच्या सभेवर ढकलला आणि जागेची पाहणी करायचं ठरवून सगळे चहाला गेले.

पाहणीला इंजिनियर आला. त्यानं बाकडं मोजलं आणि टेप गुंडाळता गुंडाळता त्याची नजर माझ्या पायऱ्यांवर गेली. आमच्या गावात रस्ता दर निवडणुकीला वर चढतो आणि घरं खड्ड्यात जातात, म्हणून मी बांधतानाच जोतं तीन फूट उंच घेतलं होतं. (तू तेव्हा विचारलं होतंस, “नागू, घर बांधून राहिलास का मचान?”) एकोणीस वर्षांत गावातले सगळे रस्ते वर आले, फक्त आमचा नाही आला. त्यामुळे पायऱ्या उतरत उतरत पार नालीवर गेलेल्या. त्या अतिक्रमणात निघाल्या. गुरुवारी जेसीबी आला आणि पाच मिनिटांत चारही पायऱ्या गेल्या. दारात उभं राहिलं की खाली नाली, पलीकडे बाकडं, आणि बाकड्यावर ज्यांच्याविरुद्ध मी अर्ज दिला ते सगळे, माझ्याकडे बघत बसलेले.

दूधवाला पिशवी वर फेकायचा. दोनदा ती फुटली. पण दुधाचं सोड, येत्या रविवारी बाबांचा स्मृतिदिन. भंतेजी येणार, तू येणार. दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय जाऊ नये एवढीच बाबांची हौस होती, आणि त्यांच्याच दिवशी त्यांची लेक दारातून परत जाणार! मला खरंच रडू आलं अक्का. लुंबिनीनं पाहिलं आणि बाकड्यावरच्यांनीही पाहिलं.

काल सकाळी चाचांनी पेपराची घडी घातली, तिघांना उठवलं, नालीवर शहाबादी फरशी टाकली आणि बाकडं ओढत ओढत आणून माझ्या दाराला लावलं. मग त्यावरच बसून राहिलेला पेपर वाचायला लागले. (मोठ्यानंच.) आता बाकड्यावर पाय ठेवायचा, बाबांचं नाव असलेली पाठ धरायची आणि वर यायचं. लहानपणी ओढ्यातून काठावर बाबा मला हाताला धरून वर घ्यायचे, तसंच वाटतं. काल मी काही काम नसताना चार वेळा उतरलो आणि चढलो.

तेव्हा रविवारी निर्धास्त ये. सगळ्यांना जयभीम.

तुझा धाकटा आणि सध्या तीन फूट उंचावर असलेला भाऊ,
नागसेन

ता. क. पत्र पाकिटात घालतोय तोच नगरपरिषदेचा शिपाई आला. “आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात येत असून सदरहू बाकडे गुरुवारी सकाळी हटविण्यात येईल.” तसाच उतरून ऑफिसात गेलो. म्हणाले, मंजूर झालेली तक्रार मागे घेता येत नाही, आणि माझं अभिनंदन केलं.

ता. क. २. पत्र नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतोय, आजच मिळेल. रविवारची वाट पाहू नकोस, बुधवारीच निघ. गोळ्या घे, उशी घे, दाजींनाही आण (हसले तरी चालतील). गुरुवारी सकाळी सहापासून तू बाकड्यावर बसायचंस, बाकी काही करायचं नाही. बसलेल्याला उठवायचा नियम अजून झालेला नाही. चाचांनी पेपर टाकून तुझी जागा धरून ठेवली आहे.